शिंग, शेपूट आणि क्यू

९ नोव्हेंबर, रविवार

कुमुद गेली. म्हणजे वर नाही, कॅनडाला. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली आणि आता कळवते, तिकडेच राहणार. बर्फ फार सुंदर पडतो म्हणे. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून स्क्रॅबल खेळली आणि जोडी-स्पर्धा महिन्यावर आली असताना हिला बर्फ सुचला.

आमचं शब्दमंडळ म्हणजे दर रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमणारी डझनभर माणसं. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवतात आणि मराठीत भांडतात. जोडी-स्पर्धा गेली काही वर्षं उदयसिंह आणि मोना जिंकतात. तो दातांचा डॉक्टर, ती त्याची बायको. घर कोल्हापुरातल्या श्रीमंत नागाळा पार्कात. जिंकल्यावर मोना माझा हात हातात घेऊन "वेल प्लेड, अरुणाताई!" म्हणते. त्यातल्या 'ताई'वर ती जो दाब देते, तो तिच्या नवऱ्यानं दाढ उपटताना दिला तर बरं.

जानेवारीत मी पुण्याला चालले आहे, कायमची. कॉलेजनं इंग्रजी विभागाला कुलूप लावलं (विद्यार्थी उरले नव्हते, मीच उरले होते) तेव्हापासून धाकटा भाऊ वृषभ मागे लागला आहे. "आक्का, एकटी काय करतीस तिथं? खोली रिकामी आहे की." मी बरं म्हटलं. त्रेपन्नाव्या वर्षी माणसानं वाद घालायचे तरी किती?

पण जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्या मोनाचा हात माझ्या हातात घेऊन "वेल प्लेड" म्हणायचं आहे.

११ नोव्हेंबर

मंडळाच्या चिटणिसांनी जोडीदार धाडला. दारात उभा राहिला तेव्हा जिन्यातला उजेड गेला.

हंबीरराव. शिवाजी पेठ. म्हशींचा गोठा, दुधाचा धंदा. तरुणपणी पेठेच्या संघाचे गोलकीपर. आता साठी जवळ आली तरी शहरातल्या कुठल्याही आंदोलनात पहिल्या रांगेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एवढं सगळं त्यांनी चपला काढता काढता सांगितलं.

मी या माणसाला ओळखते. कॉलेजच्या फाटकासमोर पाण्यासाठी धरणं धरलं होतं; आत परीक्षा आणि बाहेर यांचा भोंगा. मी बाहेर गेले आणि भोंग्याची वायर उपटून यांच्या हातात दिली.

"त्योच मी," हंबीरराव म्हणाले. चांगलेच खूश दिसले. "आमचा भोंगा पोलिसांनीबी बंद केला न्हवता मॅडम आजपत्तोर."

"इंग्रजी किती येतं?"

"धाव्वीला तीनदा बसलोय की."

"मग शब्दमंडळात कशाला आलात?"

"डाक्टरनी सांगिटलंय. डोकं चालवा म्हनून."

डॉक्टरांचं बरं असतं. सांगून मोकळे होतात, चालवावं आम्हाला लागतं.

१४ नोव्हेंबर

दुसरा कोणी मिळत नाही, हे पक्कं झालं. शिकवणी सुरू. रोज चार वाजता.

पहिला नियम सांगितला: अर्थ विचारायचा नाही. हा भाषेचा खेळ नाही, अक्षरांच्या ठेवणीचा आहे. 'लेट' हा शब्द घ्या. पुढून पी लावला की 'प्लेट'. मागून एक्स लावला की 'लेटेक्स'. आधीच्या शब्दाला एक अक्षर डकवून त्याचे सगळे गुण आपल्या नावावर करायचे.

"म्हंजे पुढं शिंग, मागं शेपूट," हंबीरराव म्हणाले.

कुमुदला मी हे अनेक वर्षं 'पूर्वजोड' आणि 'उत्तरजोड' म्हणून शिकवत होते. तिला ते कधीही वेळेवर आठवलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंडळात पहिला सराव सामना. हरलो, हे सांगायला नकोच. जोडीत दोघांनी मिळून एकाच पट्टीवरच्या सोंगट्या खेळायच्या असतात आणि आपापसात कुजबुजून ठरवायचं असतं. हंबीररावांना कुजबुजता येत नाही. त्यांची कुजबूज रंकाळ्यापर्यंत जाते.

"मॅडम, आपल्याकडं झेड हाय!" ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. मोनानं लगेच झेडच्या सगळ्या जागा बंद केल्या.

शेवटी खुणा ठरवल्या. कपाळाला बोट म्हणजे शिंग. कंबरेमागे हात म्हणजे शेपूट. आता आम्ही दोघं पटासमोर बसून जे करतो, ते लांबून पाहणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार मी करत नाही.

१९ नोव्हेंबर

आज ए-ई-आय-ओ-यू नसलेले शब्द. क्रिप्ट, रिदम, आणि एक वेल्समधून आलेला: सी-डब्ल्यू-एम.

"ह्येला ना आई, ना बाप," हंबीरराव पटाकडे बघत राहिले. "म्हंजे कांद्याबिगर भजी." मग एकदम माझ्याकडे वळले. "तुमच्यात कांदा चालत न्हाय न्हवं?"

"जैन आहे मी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आणि सूर्य मावळल्यावर काहीच नाही."

"पानी?"

"पाणीसुद्धा नाही."

"आयला," ते म्हणाले. पुढे बराच वेळ त्यांचं पटावर लक्ष नव्हतं.

२० नोव्हेंबर

हंबीररावांनी भजी आणली. पालकाची. पेठेतल्या गाडीवाल्याकडून, बिनकांद्याची, वेगळ्या तेलात तळून. कांदा फारच महागलेला दिसतो.

२४ नोव्हेंबर

दोन अक्षरी शब्द ते धारा काढताना पाठ करतात. एका धारेला एक शब्द. आ, आय, की, झा, झू. म्हशींना सवय झाली आहे आणि आता शब्द थांबले की पान्हाही थांबतो, अशी तक्रार त्यांनी केली.

आज सबंध यादीत त्यांनी एकाच शब्दाचा अर्थ विचारला. नियम मोडून. जे-ओ, जो.

"स्कॉटलंडकडे लाडक्या माणसाला म्हणतात," मी सांगितलं. "गुण नऊ. पुढे चला."

पुढे चाललेच नाहीत. मिशीला पीळ देत बसले. मेंदूला ताण सोसत नसावा. उद्यापासून दहा मिनिटं सुट्टी द्यावी.

२५ नोव्हेंबर

सोनलनं, म्हणजे वृषभच्या बायकोनं, पुण्याच्या खोलीचा फोटो पाठवला. फिकट जांभळा रंग. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून बहुधा ही. खाली तिनं लिहिलं आहे, 'आक्का, तुम्हाला नक्की आवडेल.' मीही लिहिलं, 'नक्की आवडेल.'

फोटो तीनदा पाहिला. आवडायला सुरुवात कुठून करावी, ते कळलं नाही.

२८ नोव्हेंबर

क्यू.

हे अक्षर इंग्रजीत यूचा हात धरल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पट्टीवर नुसता क्यू आला की नवशिक्यांचे हातपाय गळतात. म्हणून एकट्या क्यूचे शब्द वेगळे पाठ करावे लागतात. ते बहुतेक परदेशी. चिनी 'ची', अरबी 'कात', मग फकीर, तलाक, कव्वाली.

"ह्ये तर आपलंच हाय की!" हंबीरराव खुर्चीतून उठले. "इंग्रजांनी न्हेलं व्हय?"

आणखी काय काय नेलं, ते सांगितलं. घी, धोतर, लाठी, तालुका, मसाला. धरणे, हरताळ, बंद, घेराव हे शब्दसुद्धा त्यांच्या डिक्शनरीत आहेत म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "घेराव आमी सोता केलाय मॅडम. दोनदा." गेल्या पंधरवड्यात मी त्यांना शेकडो शब्द शिकवले, हे चार त्यांनी एकदाच ऐकले आणि स्पेलिंगसकट पाठ झाले.

जाताना दारात थांबले.

"एकट्या क्यूला गुन किती?"

"दहा."

"आन् यू संगट असला तर?"

"यूचा एक वाढतो. अकरा. गुणांत फार फरक पडत नाही. पण खेळायला सोपं जातं."

"सोपं जानंच म्हत्त्वाचं की," ते म्हणाले. "ह्या वयात."

खेळाच्या दृष्टीनं मुद्दा बरोबर आहे. माणूस तयार होतो आहे.

२ डिसेंबर

हंबीररावांच्या थोरल्या बहीण, शालूबाई, आल्या. दूध घेऊन. आमच्याकडे दूध सकाळीच येतं, हे त्यांना ठाऊक असायला हवं. त्यांच्याच गोठ्यातून येतं.

बसल्या नाहीत. आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग बाल्कनीतली तुळस, मग मला.

"मुळा चालत न्हाय म्हनं तुमच्यात?"

"नाही."

"गाजर?"

"नाही."

"मग पावन्यांस्नी घालायचं काय आमी?"

"कुठल्या पाहुण्यांना?"

"येतील की कोन तरी," असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यातली मूगडाळ चिमटीत धरून पाहिली. केटरिंगचा धंदा असावा.

मी हंबीररावांच्या डोक्याच्या दुखण्याची चौकशी केली. डॉक्टर काय म्हणतात?

"कुठला डाक्टर? म्हस आजारी पडल्याबिगर ह्यो मानूस दवाखान्याची पायरी चढत न्हाय."

पुरुष तब्येतीची अशीच हेळसांड करतात. उद्या कानउघाडणी करायला हवी.

७ डिसेंबर, रविवार

जिंकलो. उपांत्य फेरी जिंकलो!

खरं तर मधे घात होत होता. पट्टीवर झेड होता, पटावर मोक्याची जागा होती, चाळीसच्या आसपास गुण. मी बोटानं दाखवत होते. आणि हंबीररावांनी काय लावावं? जो. सोंगटी ठेवून माझ्याकडे बघत बसले. मी टेबलाखालून पाय मारला तरी बघतच होते. जागा सांभाळायचा काही डाव असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढे समोरच्या जोडीनं घोटाळा केला आणि आम्ही वाचलो.

अंतिम सामना पुढच्या रविवारी, उदयसिंह-मोनाशी. वेळ संध्याकाळी सहाची होती, ती दुपारी तीनची झाली. चिटणीस म्हणाले, हंबीरराव त्यांच्या ऑफिसात येऊन जमिनीवर बसले आणि वेळ बदलेपर्यंत उठले नाहीत. त्या भागात संध्याकाळी वीज जात असावी.

माझं जेवण मात्र आता वेळेत होईल, हा आयता फायदा.

१० डिसेंबर

सकाळी वृषभचा फोन.

"आक्का, हे काय? कधी झालं?"

"रविवारी. उपांत्य फेरी."

"कुरुंदवाडच्या आपल्या चुलत अण्णानं फोटो पाठवलाय. बोर्डाचा."

"कसल्या बोर्डाचा?"

"आक्का, बोर्डावर हंस आहेत."

रिक्षा करून शिवाजी पेठेत गेले. चौकात दुमजली फ्लेक्स. डावीकडे हंबीरराव, फेटा बांधलेले. उजवीकडे मी, कॉलेजच्या निरोप समारंभातला फोटो, हातात नारळ. मधे दोन हंस चोचीला चोच लावून, भोवती गुलाबांची महिरप. वर सोनेरी अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन'. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी शब्दस्पर्धेचा उल्लेख होता म्हणतात. तो वाचायला मला विजेच्या खांबावर चढावं लागलं असतं. त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, सगळे कानाला मोबाइल लावलेले. पहिल्या नंबरला शालूबाई.

हंबीरराव दूध-कट्ट्यावर होते, म्हणजे गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून ताजं दूध विकतात तिथे. मी रस्त्याच्या मधे उभी राहून बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण पेठेतली कुत्री बाजूला झाली.

"मॅडम, आमच्यात कुनाचं कौतुक करायचं म्हंजे फ्लेक्सच की वं," ते म्हणाले. "पोरांनी केलं. लगीनसराई हाय, फ्लेक्सवाल्याकडं तेवढंच डिझाइन तयार हुतं. मी सांगिटलं हुतं त्येला, हंस काड म्हनून."

"मग काढले का नाहीत?"

"त्यो म्हनाला, हंस काडलं तर मधी भोक दिसतंय."

त्यांनी स्वतः शिडी लावली आणि फ्लेक्स उतरवला. गर्दी बघत होती. कोणी हसलं नाही. मला वाटतं, कोणी तरी हसलं असतं तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर

मोनाचा फोन. "अरुणाताई, काँग्रॅच्युलेशन्स! सगळ्यांत शेवटी आम्हालाच कळावं ना?" तिचं हसणं फोन ठेवल्यावरही खोलीत राहिलं.

वृषभ रविवारी येतो आहे. सामान घेऊन जाऊ म्हणतो, जानेवारीपर्यंत थांबायचं कशाला.

चार वाजता हंबीरराव आले नाहीत. शालूबाईंबरोबर निरोप: "माझ्यापायी मॅडमच्या नावाला बोल नको. मी खेळत न्हाय. मॅडमनी दुसरं मानूस बगावं."

दुसरं माणूस! तीन दिवसांत! अंतिम फेरीत जोडीदार बदलता येत नाही, हे नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. हे मी शालूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला नका सांगू. त्येला सांगा." आणि गेल्या.

म्हणजे सामना न खेळताच मोना जिंकणार, आणि मी जांभळ्या खोलीत जाणार. चार वाजल्यापासून सहापर्यंत पट मांडून बसले होते. दोघांच्या सोंगट्या एकटीनं खेळून पाहिल्या. दोन्ही बाजूंनी मीच हरले.

१३ डिसेंबर, शनिवार

काल दिवसभर विचार केला. विचार असा: लोक बोलणारच. मी तीस वर्षं वर्गात उभी राहून बोलले, तेव्हा एकानंही ऐकलं नाही. मग आता लोक बोलतात तर मी का ऐकावं? शिवाय हा प्रश्न निव्वळ स्पर्धेचा आहे.

सकाळी दूध-कट्ट्यावर गेले. म्हशी रांगेत बांधलेल्या, माणसं ग्लास घेऊन उभी, हंबीरराव बादलीवर वाकलेले. मी आल्याबरोबर सगळा कट्टा गप्प झाला. एका म्हशीनंही रवंथ थांबवला.

"उद्या तीन वाजता," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मला कुजबुजता येतं, पण आज इच्छा नव्हती. "येणार की नाही?"

"मॅडम, लोक..."

"लोकांना यू नसलेले क्यूचे शब्द येतात?"

"न्हाय."

"मग लोकांचं काय घेऊन बसलात?"

हंबीररावांनी मिशीवर हात फिरवला. "येतो की."

"आणि आज चारला शिकवणी. परवापासूनची बुडली आहे."

मागून कोणी तरी शिट्टी वाजवली. शालूबाईंनी त्याला काय फेकून मारलं ते दिसलं नाही, पण लागलं.

१४ डिसेंबर, रविवार

सगळं नीट लिहायचा प्रयत्न करते.

अंतिम सामना शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होता. नेहमी पाच-सहा प्रेक्षक असतात. आज तीन टेम्पो भरून शिवाजी पेठ आली. हलगी दारावर काढून घेतली. चिटणीस हात जोडून सांगत होते, इथे शांतता पाळायची असते. पेठ म्हणाली, पाळतो की, आणि एकमेकांना मोठ्यानं गप्प करू लागली.

वृषभ पुण्याहून थेट हॉलमध्ये आला. पेठेनं त्याला हातोहात उचलून पहिल्या रांगेत बसवलं. "पावनं, कुठलं? पुन्याचं? मॅडमचं भाऊ न्हवं? बसा बसा." हातात भडंगाचा कागद दिला. "बिनलसनाचा हाय. खास तुमच्यासाटनं करून घेतलाय." लसणाचे भावही वाढलेले दिसतात.

खेळ सुरू झाला. उदयसिंह शांत, मोना गोड. सुरुवातीला मागे पडलो. मग हंबीररावांनी माझ्याकडे न बघता, कसलीही खूण न करता एकेक सोंगटी लावली. जी, एच, ई, आर, ए, ओ. घेराव. हॉल उठला. "घातला रं घातला! नागाळा पार्काला घेराव घातला!" चिटणिसांनी दोनदा टेबल आपटलं. उदयसिंहानं डिक्शनरी मागवली. तीत घेराव होता. पुन्हा हॉल उठला.

शेवटच्या चालीपर्यंत बरोबरीत आलो. पिशवी रिकामी. आमच्या पट्टीवर सहा सोंगट्या: आर, दोन एस, दोन ए आणि जी. पटावर एक उत्तम जागा मोकळी. मला शब्द एका क्षणात दिसला. ग्रास. गवत. तो लावला की सामना आमचा.

हंबीररावांनी माझ्या दंडाला हलकेच हात लावला. त्यांचा चेहरा दिवाळीतल्यासारखा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते खरोखर कुजबुजले.

"मॅडम. रस्सा."

म्हशीवाल्याला गवत दिसलं नाही, रस्सा दिसला.

रस्सा डिक्शनरीत नाही. मला ठाऊक आहे. मी ती डिक्शनरी पाठ केली आहे. "मसाला हाय, घी हाय, मग रस्सा नसंल व्हय?" ते म्हणत होते. "कोल्लापूरचा रस्सा! ह्यो शबुद माझा मी काडलाय बगा. तुमी न शिकिवता."

मी चुकीचा शब्द आजवर कोणाला लावू दिलेला नाही. कुमुदला एकदा रडवलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, 'नाही, गवत लावा.'

मी मान डोलावली.

का, ते सांगता येत नाही. उतरतं ऊन खिडकीतून थेट डोळ्यांवर येत होतं.

त्यांनी रस्सा लावला. मोनानं आव्हान दिलं. डिक्शनरी उघडली, चिटणिसांनी बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा फिरवलं. नाही. सोंगट्या परत घ्याव्या लागल्या. उदयसिंहानं पुढच्या चालीत सामना संपवला.

मोनानं माझा हात हातात घेतला. "वेल प्लेड, अरुणाताई!"

"थँक यू," मी म्हटलं. आश्चर्य म्हणजे दाढ वगैरे काही आठवलं नाही.

मग पेठेला परिस्थिती समजली.

"रस्सा न्हाय? डिक्शनरीत रस्सा न्हाय?"

"मसाला हाय आन् रस्सा न्हाय?"

"ह्यो कोल्लापूरचा अपमान हाय!"

जागच्या जागी बैठक झाली. ठराव झाला. डिक्शनरी काढणाऱ्यांना निवेदन द्यायचं. उत्तर नाही आलं तर धरणं, मग हरताळ, मग गरज पडली तर घेराव. आणि तिन्ही शब्द तुमच्याच डिक्शनरीत आहेत, हे निवेदनात लिहायचं. दारावरची हलगी परत मिळाली. पेठ हंबीररावांना खांद्यावर घेऊन गेली. हरलेल्या माणसाला असं मी प्रथमच पाहिलं.

खांद्यावरून ते माझ्याकडे बघत होते. गवत त्यांना तेव्हा दिसलं असावं. तोंडावर हात मारून घेतला.

१५ डिसेंबर

सकाळी वृषभ खोकी बांधायला बसला. पुस्तकांपासून सुरुवात केली.

"ती राहू दे," मी म्हटलं.

"दुसऱ्या खेपेला न्यायची?"

"वृषभ, हे निवेदन इंग्रजीत लिहावं लागणार. या लोकांना कोण लिहून देणार? शब्द डिक्शनरीत घ्यायचा तर पुरावे लागतात, छापील वापर दाखवावा लागतो, पत्रव्यवहार चालतो. वेळखाऊ काम आहे."

"किती वेळ?"

"एकेका शब्दाला वर्षानुवर्षं लागतात."

तो दोरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी माझं गणित चुकलेलं त्याला कळायचं, तेव्हा असाच बघायचा.

"पुण्यातून नाही लिहिता येणार?"

"रस्सा पुण्यात मिळतो का?"

"आक्का, तू रस्सा खात नाहीस."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यानं दोरी गुंडाळून खिशात ठेवली. चहा घेतला. निघताना जिन्यात थांबला आणि म्हणाला, "त्यांना विचारून ठेव, भडंग कुणाकडून करून घेतला."

"कशाला?"

"पुढच्या वेळी सोनलला घेऊन येतो."

भडंगासाठी एवढा प्रवास! पुण्यात राहून माणसाचे हाल होतात, एवढं खरं.

चार वाजता हंबीरराव आले. आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभे, हातात फडक्यात बांधलेला डबा.

"शालूआक्कानं वाटंला दिलाय. मूगडाळीचं हाय. निघालासा न्हवं?" खाली बघून बोलत होते. "माझ्यामुळं घालवली मॅडम. गवत हुतं. खांद्यावर बसल्यावर दिसलं, आन् रातच्याला म्हशीम्होरं टाकताना लई लागलं."

"मला सामन्यातच दिसलं होतं."

त्यांनी मान वर केली. "मग बोलला न्हाईसा?"

तीस वर्षं शिकवलं की विषय बदलता येतो.

"हंबीरराव, सातही सोंगट्या एकदम लावल्या की पन्नास गुण जास्त मिळतात. सात अक्षरी शब्दांचा तुमचा काहीच अभ्यास झालेला नाही. आत या."

"सात अक्षरी किती असत्यात?"

"हजारो."

"आमाला तर दोन अक्षरीलाच म्हैना गेला," ते म्हणाले. चपला एव्हाना निघाल्या होत्या. "ह्येला वरसं लागत्याली की मॅडम."

"लागू देत," मी म्हटलं.

मी अर्थात शब्दांबद्दल बोलत होते.